मोटारीची किंमत आणि मोटारीचा खर्च

मोटारींवरील वस्तू व सेवा कराची नवी रचना २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आली आणि जाहिरातींना भरती आली. लहान मोटारी स्वस्त झाल्या, मोठ्याही स्वस्त झाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही, असा या जाहिरातींचा सूर होता. यवतमाळसारख्या जिल्ह्यात या हाकेला ओ देणारा वर्ग मुख्यतः पगारदारांचा आहे. कापसाच्या भावावर ज्याचे वर्ष ठरते त्याला बँक सहजासहजी कर्ज देत नाही. शिक्षकाला, लिपिकाला, विद्युत वा महसूल कर्मचाऱ्याला मात्र पगाराच्या दाखल्यावर ते तत्परतेने मिळते. गेल्या काही वर्षांत या वर्गाची नजर लहान मोटारीवरून मध्यम आकाराच्या 'एसयूव्ही'वर गेली आहे. ही गाडी दिसते जीपसारखी उंच आणि रुंद, परंतु तिची बांधणी साध्या मोटारीप्रमाणे एकसंध सांगाड्याची असते. क्रॉसओव्हर म्हणतात ती हीच. क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड विटारा, हायरायडर, एलिव्हेट, कुशाक, टायगून ही तिची परिचित नावे. सव्वाचार मीटरच्या पुढे-मागे लांबी, पाच आसने आणि साधारणतः अकरा ते वीस लाखांच्या दरम्यानची कंपनीची किंमत, असे तिचे रूप आहे.

घरानंतर पगारदार कुटुंबाची ही सर्वांत मोठी खरेदी होय. घराचे मूल्य बहुधा वाढते, मोटारीचे निश्चित घटते. त्यातच १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्या बहुसंख्यांना जुन्या निवृत्तिवेतनाचा आधार राहिलेला नाही. तेव्हा मोटारीच्या हप्त्यात जाणारा प्रत्येक रुपया मुलांच्या शिक्षणाच्या किंवा स्वतःच्या वार्धक्याच्या तरतुदीतून काढलेला असतो. यासाठीच या खरेदीची चर्चा हौशीच्या भाषेत न होता हिशेबाच्या भाषेत होणे अगत्याचे आहे.

गरज खोटी नाही

मोटार ही केवळ चैन आहे, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येणार नाही. सोळा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात वणीहून किंवा उमरखेडहून जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर काटावे लागते. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील 'शकुंतला' बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब एवढा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मुंबईच्या गाडीसाठी यवतमाळकराला धामणगाव किंवा बडनेरा गाठण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असले तरी गंभीर दुखण्यात सावंगी मेघे किंवा नागपूरची वाट धरणारी कुटुंबे थोडी नाहीत. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. परंतु तोही या जिल्ह्यातून न जाता धामणगावच्या बाजूने गेला आहे.

अशा स्थितीत वृद्ध आईवडील आणि दोन मुले असलेल्या घराला स्वतःचे वाहन हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. उंच बांधणीचाही येथे उपयोग आहे. या वर्गातील गाड्यांची जमिनीपासूनची उंची १९० ते २२० मिलिमीटरच्या आसपास असते. खेड्याच्या जोडरस्त्यावर, फुटलेल्या पुलावर आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना चढण्या-उतरण्यास ती सोयीची पडते. मात्र दिसण्यावरून होणारा एक गैरसमज दूर केला पाहिजे. यांतील बहुतेक गाड्यांची केवळ पुढची चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. काळ्या मातीच्या ओल्या शेतवाटेवर अशी गाडी साध्या मोटारीइतकीच लवकर रुतते. चारही चाकांना जोर देणारी सोय मोजक्या आवृत्त्यांत आणि चढ्या किमतीत मिळते. जीपच्या रूपासाठी पैसे मोजताना जीपचे काम पदरात पडेलच असे नाही.

'अ‍ॅव्हरेज'चा भ्रम

मोटार घेणाऱ्याचा पहिला प्रश्न 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा असतो. सायकलमोटारीच्या काळापासून चालत आलेला हा प्रश्न मोटारीच्या बाबतीत मात्र दिशाभूल करणारा आहे. एक उदाहरण घेऊ. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक आणि तहसील कार्यालयातील लिपिक असे एक दांपत्य आहे, दोघांचे मिळून हातात येणारे वेतन महिना एक लाख रुपये आहे आणि त्यांची गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणार आहे, असे समजू. चौदा लाखांची नवी पेट्रोल गाडी घेतली, तर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवरील राज्याचा बारा टक्के एकरकमी कर धरून किंमत १५ लाख ६८ हजार होते. विमा कंपन्या गाडीचे मूल्य ठरविताना जो घसाऱ्याचा तक्ता वापरतात, त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीला निम्मी घट धरलेली आहे. त्या हिशेबाने पाच वर्षांनी सात लाख हाती येतील. म्हणजे ८ लाख ६८ हजार रुपये केवळ घसाऱ्यात गेले. वर्षाला सुमारे १ लाख ७४ हजार.

बारा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर मासिक हप्ता सुमारे २४,९०० रुपये येतो आणि व्याज एकंदर २ लाख ९५ हजार, म्हणजे वर्षाला ५९ हजार होते. विमा ३० हजार, देखभाल व टायर १८ हजार धरू. आता पेट्रोल. लिटरला चौदा किलोमीटर आणि १०५ रुपये भाव धरला तर वर्षाचे पेट्रोल ७५ हजारांचे. सर्वांची बेरीज सुमारे ३ लाख ५६ हजार. किलोमीटरला साडेपस्तीस रुपये आणि महिन्याला तीस हजारांच्या घरात. ज्या 'अ‍ॅव्हरेज'साठी एवढी चौकशी होते, ते पेट्रोल या बेरजेत अवघे पाचव्या हिश्शाचे आहे. गाडी दारात उभी असते तेव्हाही तिचा मोठा खर्च चालूच असतो. स्वतःजवळचे जे साडेतीन लाखांहून अधिक रुपये सुरुवातीला घातले, त्यावरील बुडालेले व्याज तर या हिशेबात धरलेलेच नाही.

हप्ता हलका व्हावा म्हणून कर्जाची मुदत सात वर्षे करण्याचा सल्ला हमखास दिला जातो. हप्ता १९,३०० रुपयांवर येतो हे खरे, परंतु एकूण व्याज ४ लाख २२ हजारांवर जाते. सव्वा लाखाहून अधिक रुपये जास्त मोजून घेतलेला हा दिलासा आहे. शिवाय पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीची झालेली असताना चार लाखांहून अधिक कर्ज शिल्लक असते.

याच कुटुंबाने चार वर्षांची जुनी गाडी आठ लाखांना घेतली असती तर काय झाले असते? नावावर करण्याचे दहा हजार धरले आणि पाच वर्षांनी ती साडेतीन लाखांना गेली असे मानले, तर घसारा वर्षाला ९२ हजार होतो. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर अधिक असतो. पाच लाख रुपये बारा टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर व्याज १ लाख ३२ हजार, म्हणजे पाच वर्षांत विभागून वर्षाला २६ हजार होते. विमा २० हजार, देखभाल जवळजवळ दुप्पट म्हणजे ३५ हजार आणि पेट्रोल तितकेच. बेरीज २ लाख ४८ हजार. वर्षाला एक लाखाहून अधिक वाचतात. हीच बचत दरवर्षी भविष्य निर्वाहाच्या सार्वजनिक योजनेत ७.१ टक्क्यांनी ठेवली तर पाच वर्षांनी सहा लाखांवर रक्कम उभी राहते. एका मुलाच्या उच्च शिक्षणाचा मोठा वाटा त्यातून भागू शकेल.

आणि मुळात गाडीच घेतली नाही तर? कुटुंबाला एकत्र प्रवास वर्षाकाठी तीन हजार किलोमीटरच करावा लागत असेल, तर सोळा रुपये दराने भाड्याच्या गाडीला ४८ हजार पडतात. माहूरची वारी, नागपूरचा दवाखाना आणि सोयरीकसंबंधांतील लग्ने यांत निभावू शकतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. उलट ज्यांची धाव वर्षाला वीस हजार किलोमीटरची आहे, त्यांचा नव्या गाडीचा खर्च किलोमीटरला बावीस-तेवीस रुपयांवर उतरतो आणि खरेदीचे समर्थन होऊ शकते. म्हणून गाडीची निवड करण्यापूर्वी मागील वर्षात पाच माणसांना एकत्र किती दिवस आणि किती किलोमीटर जावे लागले, हे कागदावर मांडणे ही पहिली पायरी होय.

स्वस्ताई कोणाची?

कर-कपातीचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. पेट्रोलवर चालणाऱ्या, चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि बाराशे घनसेंटिमीटरपर्यंत इंजिनाच्या लहान गाडीवर पूर्वी उपकरासह २९ टक्के कर होता, तो १८ झाला. दीड लिटर इंजिनाच्या मध्यम गाडीवरील कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला. म्हणजे लहान गाडीची करासह किंमत सुमारे साडेआठ टक्क्यांनी उतरली, मध्यम गाडीची जेमतेम साडेतीन टक्क्यांनी. दोहोंच्या करांतील अंतर कमी न होता सोळावरून बावीस टक्क्यांवर गेले. लांबीच्या त्या वाढीव वीत-दीड वीतेसाठी कुटुंब आता पूर्वीपेक्षा तुलनेने अधिक किंमत मोजते. नव्याची किंमत उतरली की जुन्याचीही उतरली पाहिजे, हेही तितकेच खरे. जुन्या गाडीचा विक्रेता २०२१ किंवा २०२२ च्या पावतीवर बोट ठेवून भाव सांगत असेल, तर खरेदीदाराने तुलना आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी करावयाची असते.

तंत्रभेदाची निवडही याच कसोटीवर व्हावी. विजेची जोड असलेली हायब्रिड गाडी लिटरला बावीस किलोमीटर गेली, तर वर्षाला दहा हजार किलोमीटरमागे सुमारे २७ हजार रुपये वाचतात. तिच्यासाठी तीन लाख जास्त मोजले असतील तर ते वसूल होण्यास अकरा वर्षे लागतील. डिझेल गाडीवर राज्याचा कर दोन टक्के अधिक आहे. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जी गाळणी असते, ती रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या खेपांत तुंबते. लांब पल्ल्याची धाव नसलेल्याने ती घेऊ नये. विजेच्या गाडीवर पाच टक्केच कर आहे. घरी चार्जिंगची सोय आणि ठरावीक रोजचा पल्ला असणाऱ्याने तिचा विचार अवश्य करावा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या बहुधा दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी बनविलेल्या होत्या. नीती आयोगाने २०२१ च्या आराखड्यात अशा चारचाकींच्या इंधनक्षमतेत सहा ते सात टक्के घट वर्तविली होती. जुनी गाडी घेणाऱ्याने तेवढी घट आणि रबरी नळ्या व पट्ट्यांची तपासणी हिशेबात धरावी.

सुरक्षितता हा मात्र काटकसरीचा विषय नव्हे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२० साली सेल्टॉसला आणि २०२२ साली क्रेटाला, त्यावेळच्या दोन एअरबॅगच्या रूपात, तीन तारे मिळाले. त्याच वर्षी अधिक कडक झालेल्या चाचणीत कुशाक व टायगून यांना पाच मिळाले. जुन्या बाजारात आज याच पिढीच्या गाड्या दिसतात. पुढे कंपन्यांनी एअरबॅग वाढविल्या आणि २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली चाचणीही आली. तेव्हा नावाकडे न पाहता त्या वर्षाच्या, त्या आवृत्तीच्या गाडीत काय होते हे पाहावे. नाचऱ्या रंगाचे छत आणि उघडणारी काच यांवर लाखभर घालवून एअरबॅग कमी असलेली आवृत्ती घेणे हा अविवेक होय. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हा मागच्या आसनावरील प्रवाशांनी पट्टे बांधलेले नव्हते, हेही विसरू नये. पाच तारे पट्टा न बांधणाऱ्याला वाचवू शकत नाहीत.

जुन्या गाडीचा बाजार

जुनी गाडी जर इतकी किफायतशीर, तर सुज्ञ माणूसही तिला का बिचकतो? याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज आकरलॉफ यांनी १९७० साली एका छोट्या निबंधात दिले आणि पुढे २००१ साली ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्यांनी उदाहरण घेतले होते ते जुन्या मोटारींच्या बाजाराचेच. सदोष निघालेल्या गाडीस तिकडील बोलीत 'लिंबू' म्हणतात. गाडी लिंबू आहे की नाही हे विक्रेत्यास ठाऊक असते, ग्राहकास नसते. म्हणून ग्राहक प्रत्येक गाडीला सरासरी भावच देऊ करतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकास परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे वाईट गाड्या उरतात. दोष कोणा एकाच्या नियतीचा नसून माहितीच्या विषमतेचा आहे. यवतमाळ असो वा न्यूयॉर्क, बाजार हाच.

ही विषमता काही अंशी ग्राहकास स्वतः दूर करता येते. अधिकृत केंद्रातील सर्व्हिसच्या नोंदी मागवून त्यांतील किलोमीटरचे आकडे मीटरशी ताडून पाहावेत. चाळीस हजार दाखविणाऱ्या गाडीचे ब्रेकचे पायटे आणि स्टिअरिंग गुळगुळीत झालेले असतील तर तो आकडा संशयास्पद आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. टायरवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. समृद्धीवरील वेगात आणि विदर्भाच्या मे महिन्यात जुनाट टायर जीवघेणे ठरतात. पुरात बुडालेली गाडी ओळखणे विशेष महत्त्वाचे. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला होता आणि यवतमाळ शहरातही पाणी शिरले होते. धुतलेली गाडी वरून चकचकीत दिसते. परंतु सतरंजीखालचा कुबट वास, आसनांच्या रुळांवरील गंज आणि जादा चाकाच्या खळग्यातील गाळ खोटे बोलत नाहीत.

कागदपत्रांत हयगय तर मुळीच नसावी. कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला, विमा आणि नोंदणी यांची पडताळणी व्यवहारापूर्वी व्हावी. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतरण परिवहन कार्यालयास कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात दिला आहे. म्हणून विकणाऱ्यानेही 'नंतर करू' म्हणणे धोक्याचे आहे. परराज्यातून स्वस्तात आलेल्या गाडीवर येथील कर पुन्हा भरावा लागतो, तेव्हा तिची स्वस्ताई तपासून घ्यावी.

उपाय सामुदायिक हवा

तथापि प्रत्येक शिक्षकाने आणि लिपिकाने मेकॅनिक व्हावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. मोठ्या शहरांत तपासून, हमी देऊन जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपन्या आहेत. पण त्या हमीची किंमत त्या वसूल करतात आणि जानेवारी २०२५ पासून व्यापाऱ्याच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के कर लागतो. व्यक्ती व्यक्तीला गाडी विकते तेव्हा हा कर नाही. म्हणजे खात्रीलायक तपासणीची सोय झाली, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याशी केलेला व्यवहारच सर्वांत किफायतशीर ठरेल.

ही सोय उभी करणे जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. यवतमाळात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथे यंत्रशाखेचे अध्यापक आणि कार्यशाळा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहेत. त्यांनी ठरावीक शुल्क घेऊन जुन्या वाहनाची तपासणी करावी, संगणकाद्वारे दोष वाचणारे यंत्र लावावे आणि सही-शिक्क्याचा अहवाल द्यावा. विद्यार्थ्यांना त्यातून प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळेल. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थांनी अशा अहवालावरच जुन्या गाडीस कर्ज द्यावे आणि चांगल्या अहवालास व्याजात सवलत द्यावी. सभासदांचे कर्ज बुडू नये यात संस्थेचाही स्वार्थ आहे. आज नव्या गाडीचे कर्ज स्वस्त आणि जुन्याचे महाग असते, त्यामागे माहितीचा अभाव हे एक प्रमुख कारण आहे. तो दूर झाला की हे अंतरही घटू लागेल. ज्यांनी एकत्र येऊन सहकारी पतपेढ्या उभारल्या, त्या वर्गाला हे अवघड नाही.

अडचण खरी आहे ती मनाची. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच दाखवून दिले की माणूस पुष्कळशा वस्तू वापरण्यापेक्षा दाखविण्यासाठी घेतो. शेजाऱ्याच्या दारातील उंच गाडी आपल्या घरातील अंदाजपत्रक बदलते. जिल्ह्यातील शेतकरी कर्जाच्या ओझ्याखाली वाकत असताना पगारदाराने स्वेच्छेने अनुत्पादक कर्ज डोक्यावर घ्यावे, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे. ज्याची धाव मोठी आहे, बचत भक्कम आहे आणि ज्याचा हप्ता निव्वळ वेतनाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाच्या आत बसतो, त्याने नवी गाडी खुशाल घ्यावी. ज्याची गरज खरी पण ऐपत मर्यादित आहे, त्याने तपासलेली जुनी घ्यावी. आणि ज्याची गरज वर्षातून दहा-बारा दिवसांची आहे, त्याने भाड्याची गाडी सांगण्यात संकोच मानू नये. कोणत्या गाडीतून उतरला, यावरून माणसाची पत ठरत नाही. महिनाअखेरीस त्याच्यापाशी काय उरते, यावरून त्याच्या कुटुंबाचे भवितव्य मात्र निश्चित ठरते.